लाकडांतला मृत्यु आणि दगडांतला

भाद्रपद वद्य पक्षांतली गोष्ट. घरीं श्राद्ध झालें होतें, पानें उठलीं होतीं, आणि दुपारच्या सुस्तींत मोठीं माणसें जेथें जागा मिळेल तेथें कलंडलीं होतीं. अशा वेळीं मुलांच्या हातीं काय लागेल याचा नेम नसतो. आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांच्या हातीं माझ्या कपाटांतलें एक पुस्तक लागलें. युरोपांतील लाकडी ठशांच्या चित्रांचें तें पुस्तक होतें. तें उघडेंच घेऊन तो माजघरांत गेला आणि त्यानें विचारलें, "काकूआजी, हा कोण? याच्या अंगावर मांस कां नाहीं?"

चित्र इतकेंसें होतें, आगपेटीहून थोडें मोठें. एक म्हातारा शेतकरी नांगर धरून चालला आहे. पुढें चार घोडे जुंपलेले आहेत, आणि घोड्यांच्या बाजूनें एक हाडांचा सांगाडा चाबूक उगारून धांवतो आहे. दूर टेकड्यांवर सूर्य कलला आहे. काकूंनीं चित्र पाहिलें, पुस्तक मिटलें आणि मला हांक मारली.

"अरे, आजच्या दिवशीं तरी हें घरांत नको. आणि मुळांत असलीं चित्रें माणूस काढतोच कशाला? मरण काय कमी दिसतें, म्हणून कागदावर काढून ठेवायचें?"

मीं पुस्तक वरच्या फळीवर ठेवून दिलें. काकूंना उत्तर देण्याचें धाडस मला झालें नाहीं, आणि तसा माझा अधिकारही नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा धाकटा चुलतभाऊ, एकोणिसाव्या वर्षीं गेला. त्याला आतां बावीस वर्षें झालीं. त्याची तसबीर आमच्या भिंतीवर नाहीं. ती काकूंच्या पेटींत, पातळांच्या घडीखालीं, पालथी ठेवलेली आहे. हें घरांत सर्वांना ठाऊक आहे, पण त्याविषयीं कोणी बोलत नाहीं.

तरी प्रश्न मनांत राहिलाच. असलीं चित्रें माणूस काढतो कशाला? आणि त्यांतून लाकडावरच तीं इतकीं कां कोरलीं गेलीं? या महिन्यांत वाचकांपुढें हाच विषय मांडतों.

लाकडी ठसा म्हणजे काय हें पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. कापडावर छीट उठविणारा कारागीर जो ठसा वापरतो, तोच हा प्रकार. गुळगुळीत केलेल्या फळीवर चित्र काढावयाचें. जेथें रेघ हवी तेथें लाकूड तसेंच ठेवावयाचें आणि बाकीचें पात्यानें कोरून काढावयाचें. मग उरलेल्या उंचवट्यावर शाई लावून वर कागद दाबला, कीं चित्र उलटें होऊन कागदावर उतरतें. म्हणजे कारागिराचे सारे श्रम काढून टाकण्यांत जातात, आणि दिसतें मात्र जें उरलें तें. काळें आणि पांढरें यांमध्यें येथें तिसरें कांहीं नाहीं. निसटलेलें पातें मागें घेतां येत नाहीं, आणि गेलेलें लाकूड परत येत नाहीं. मृत्यूच्या विषयाला हें साधन मानवलें याचें एक कारण यांत आहे.

दुसरें कारण अधिक व्यावहारिक आहे. राजवाड्यांतलें तैलचित्र एकाच भिंतीवर राहतें, पण लाकडी ठशाच्या शेंकडों प्रती निघतात. त्या स्वस्त असतात, आणि छापील अक्षरांबरोबर त्याच यंत्रांत दाबून काढतां येतात. जें सर्वांच्या दारीं येणार, तें सर्वांच्या घरीं पोंचविण्यास त्या काळीं याहून सोईचें साधन नव्हतें. जर्मनींत अल्ब्रेख्त ड्यूररनें १४९८ सालीं जगाच्या अंताचीं चित्रें अशींच लाकडावरून छापलीं. त्यांतल्या प्रसिद्ध चार घोडेस्वारांत सर्वांत खालीं, हाडें निघालेल्या मरतुकड्या घोड्यावर, मृत्यु बसला आहे.

आमच्या चिरंजीवांनीं उघडलेलें चित्र हान्स होल्बाइन या चित्रकाराचें. तो स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं राहत असे. तेथील एका मठाच्या दफनभूमीच्या भिंतीवर मृत्यु सर्व दर्जाच्या माणसांना नाचवीत नेत असल्याचें एक लांबच लांब चित्र पूर्वींपासून होतें. ती भिंत १८०५ सालीं पाडली गेली. होल्बाइननें हाच विषय १५२३ ते १५२६ च्या सुमारास लहान लहान चौकटींत मांडला. त्याची खुबी अशी, कीं त्याचा मृत्यु बाहेरून झडप घालीत नाहीं. तो ज्याच्या त्याच्या रोजच्या कामांतच येऊन मिळतो. राजाच्या पंक्तीस तो पेय ओततो. वैद्याकडे तो स्वतःच रोगी घेऊन येतो. धनिकाच्या टेबलाशीं बसून तो नाणीं उचलतो. शेतकऱ्याचे घोडे तो हांकून देतो, जणूं दिवस मावळण्यापूर्वीं तास पुरा व्हावा म्हणून हातभारच लावतो आहे. आणि एका मोडक्या झोंपडींत आई चुलीवर कांहीं रांधीत असतां तिचें लहान मूल हात धरून घेऊन जातो. पोपपासून फेरीवाल्यापर्यंत कोणीही सुटलेला नाहीं. ज्या काळीं लहानमोठेपणा जन्मानें ठरे, त्या काळीं एवढी समता फक्त याच चित्रांत होती.

परंतु या चित्रांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. होल्बाइननें चित्रें काढलीं. कोरलीं तीं दुसऱ्यानें. त्याचें नांव हान्स ल्युट्सेलबुर्गर. सुमारें साडेसहा सेंटिमीटर उंच आणि पांच सेंटिमीटर रुंद लाकडांत त्यानें माणसाच्या चेहऱ्यावरची भीति केसाएवढ्या रेघांनीं उभी केली. या पेशाचे लोक बहुधा निनांवीच राहत. यानें एका चित्रांत मात्र, सरदारणीच्या पलंगाच्या पायथ्याशीं, आपलीं दोन आद्याक्षरें कोरून ठेवलीं आहेत. त्या पलंगावर मृत्यु पांघरूण ओढतो आहे. पुढें १५२६ सालीं, मालिका पुरी होण्याआधींच, ल्युट्सेलबुर्गर स्वतः वारला. पुस्तक फ्रान्समधील लिऑन येथें निघावयास १५३८ साल उजाडलें, आणि त्यांत ४१ चित्रें होतीं. ज्यानें इतक्या जणांना मृत्यूच्या हातीं दिलें, त्याच्याही कामांत मृत्यु असा येऊन मिळाला.

आपल्या दख्खनचें मरणही एकदां लाकडावर कोरलें गेलें आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत मुंबई इलाख्याचा पठारी भाग, निजामाचा मुलूख, म्हैसूर आणि मद्रास इलाखा होरपळून निघाला. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांनीं त्याचीं चित्रें छापलीं. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या २० ऑक्टोबर १८७७ च्या अंकांत बंगलोर येथें मदतीची वाट पाहणारे लोक आहेत. त्याच महिन्यांतल्या ‘ग्राफिक’मध्यें बल्लारी जिल्ह्यांतलीं दोन टाकून दिलेलीं मुलें आहेत. हीं चित्रें फळीवर नव्हे, तर बॉक्स नांवाच्या झाडाच्या खोडाच्या आडव्या, कठीण कापावर कोरलीं जात. तें झाड बारीक असतें, म्हणून मोठ्या चित्रासाठीं अनेक तुकडे मळसूत्रानें एकत्र जोडीत. काम निकडीचें असलें कीं ते तुकडे सुटे करून निरनिराळ्या कोरक्यांना वांटून देत. कोणाच्या वांट्यास आभाळ यावें, कोणाच्या वांट्यास एखाद्या उपाशी माणसाच्या फासळ्या. सगळें जोडून झाल्यावर तें चित्र परदेशांतल्या वाचकांच्या टेबलावर पोंचे. त्या चित्रांनीं दूरच्या लोकांना दुष्काळ दाखविला हें खरें. परंतु फासळ्या मोजतां येतील अशा त्या माणसांचीं नांवें त्यांत नाहींत. काकूंचा प्रश्न येथें पुन्हां पुढें उभा राहतो. असलें चित्र कोणासाठीं? मरणाऱ्यासाठीं, कीं पाहणाऱ्यासाठीं?

या प्रश्नाचें उत्तर मला पुस्तकांत मिळालें नाहीं. तें बीड जिल्ह्यांत मिळालें.

अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोंकणस्थांपैकीं पुष्कळ घराण्यांची कुलस्वामिनी, तशी आमचीही. मार्गशीर्षांत देवीचें नवरात्र असतें आणि पौर्णिमेस उत्सव होतो. त्या निमित्तानें आम्हीं घरांतलीं सहा-सात माणसें निघालों. बीड मागें टाकलें, मांजरसुंब्याचा घाट चढलों आणि केजच्या रोखानें चाललों. दोहों बाजूंस शाळू उभा होता. दिवाळीनंतर या जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें ऊसतोडीस साखर कारखान्यांकडे जातात, त्यामुळें वाटेवरचीं गांवें निम्मीं रिकामीं वाटत होतीं. एका खेड्याशीं मुलांना पाणी पाजण्यासाठीं मोटार थांबविली. तेथें मारुतीच्या पाराला टेकून कंबरेएवढा उंच एक कोरीव दगड उभा होता.

तो वीरगळ होता. मराठवाड्यांत गांवोगांवीं असे दगड आढळतात, आणि त्यांचीं चित्रें बहुधा खालून वर वाचावयाचीं असतात. याच्या तळच्या चौकटींत एक माणूस आडवा पडला होता, आणि त्याच्यामागें गुरें होतीं. म्हणजे गांवचीं गुरें सोडवितांना तो पडला असावा. त्याच्या वर लढाई होती. त्याच्याही वर दोन अप्सरा त्याला दोहोंकडून धरून नेत होत्या. सर्वांत वर तो हात जोडून शिवलिंगापुढें बसला होता, आणि माथ्यावर चंद्र व सूर्य कोरले होते. ते आकाशांत असेपर्यंत याची कीर्ति राहो, असा त्यांचा अर्थ. लेख नव्हता, नांव नव्हतें. पावसानें चेहरे झिजले होते.

पारावर एक म्हातारी बाई नातवंडाला घेऊन बसली होती. मुलगा आणि सून तोडीला गेलीं होतीं. मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "लई जुना वीर हाय त्यो. कुणाचा, ते न्हाई ठावं. आमी रोज पानी घालतो."

काकू दगडाजवळ जाऊन वांकल्या. मीं त्यांना एकेक चौकट समजावून सांगितली. होल्बाइनचा मृत्यु सर्वांना खालीं आणतो आणि हा दगड एका गुराख्यालाही स्वर्गांत चढवितो, असें कांहींसें पांडित्यही मीं केलें असावें. काकूंनीं सर्व ऐकून घेतलें. मग त्यांनीं बोट ठेवून चौकटी पुन्हां मोजल्या आणि म्हणाल्या, "मारलें तें आहे, नेलें तें आहे. पण याची आई कोठें आहे रे यांत?"

मीं पुन्हां निरखून पाहिलें. ती नव्हती. वीरगळांवर स्त्रिया असतात त्या अप्सरा. सतीशिळेवर असतो तो कोपरापासून वर उभारलेला, बांगड्या भरलेला एक हात, आणि तोही जी मागें राहिली नाहीं तिचा. जी मागें राहिली, जिनें दुसऱ्या दिवशीं चूल पेटविली, तिच्यासाठीं दगडांत चौकट ठेवलेली नाहीं. मुलाला चित्र पाहून भय वाटलें होतें आणि मला कौतुक. काकूंना मात्र त्यांत काय नाहीं तें दिसलें.

रात्रीं अंबाजोगाईस मुक्कामीं पोंचल्यावर मला एक गोष्ट आठवली आणि ती मीं काकूंना सांगितली. देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा खोलेश्वर नांवाचा मोठा सेनापति होता, आणि त्याचें या अंबाजोगाईशीं निकटचें नातें होतें. खोलेश्वराचा मुलगा राम गुजराथच्या स्वारींत लढतां लढतां पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ येथें देऊळ बांधविलें. शके ११६२ चा, म्हणजे इ. स. १२४० चा, शिलालेख त्याची साक्ष देतो. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बहिणीनें नांव तरी ठेवलें." दुसऱ्या दिवशीं देवीची ओटी भरतांना त्यांनीं पुजाऱ्याला मुलाचें नांव सांगितलें. तें नांव त्यांच्या तोंडून मीं कित्येक वर्षांनीं ऐकलें.

येथें वाचकांना एक विनंति करावीशी वाटते. आपल्या मूळ गांवीं किंवा प्रवासांत असा चंद्रसूर्य कोरलेला दगड दिसला, तर त्याला तेलरंग फांसूं देऊं नये, आणि धुण्यासाठीं किंवा बांधकामासाठीं तो उचलूं देऊं नये. त्याचें छायाचित्र घ्यावें, जागेची नोंद करावी आणि ती गांवच्या शाळेस व पुरातत्त्व खात्यास कळवावी. ज्याचें नांव गेलें, त्याची निदान आकृति राहूं द्यावी.

परतीच्या वाटेवर काकूंनींच विषय काढला. "त्या तुझ्या पुस्तकांत सगळे सांगाडेच आहेत का?"

नाहींत, आणि तेंच सांगावयाचें राहिलें होतें. त्या पुस्तकाच्या शेवटच्या भागांत एका बाईचीं चित्रें आहेत. कॅथे कोल्विट्झ तिचें नांव. बर्लिनमध्यें ती राहत असे आणि तिचा नवरा गरिबांच्या वस्तींत डॉक्टर होता. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें, तेव्हां तिचा धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा होता. त्याला स्वयंसेवक म्हणून सैन्यांत जावयाचें होतें, पण त्या वयांत बापाच्या संमतीवांचून जातां येत नव्हतें आणि बाप तयार नव्हता. मुलासाठीं आईनें रदबदली केली आणि संमति मिळविली. त्याच ऑक्टोबरमध्यें पीटर बेल्जममध्यें मारला गेला.

या दुःखाला रूप देण्यासाठीं ती पुढें कित्येक वर्षें धडपडली. ताम्रपट करून पाहिला, शिळाछाप करून पाहिला, मनासारखें उतरेना. १९२० सालीं एर्न्स्ट बार्लाख या शिल्पकाराचीं लाकडी ठशांचीं चित्रें तिनें पाहिलीं, आणि मग तिनें हातांत पातें घेतलें. १९२१-२२ मध्यें तिनें ‘युद्ध’ या नांवाचीं सात चित्रें कोरलीं. त्यांत कोठेंही रणांगण नाहीं. एकांत एक आई आपलें तान्हें मूल दोन्हीं हातांनीं पुढें करते आहे, आणि त्याचें नांव ‘बलिदान’. एकांत मृत्यु ढोल बडवीत पुढें चालला आहे आणि पोरें त्याच्यामागून जात आहेत. विधवा आहेत, एकमेकींना कवटाळून उभ्या राहिलेल्या आया आहेत, आणि ‘आईबाप’ नांवाचें एक चित्र आहे. होल्बाइनच्या चित्रांत मृत्यु येतो तो क्षण असतो. वीरगळांत मेलेला कोठें गेला तें असतें. या बाईनें मागें काय उरलें तें कोरलें. लाकडी ठशांत उरलें तेंच उमटतें, हें मीं वर सांगितलेंच आहे.

हीं चित्रें स्वस्त कागदावर फार दूरवर गेलीं. १९३१ सालीं चिनी लेखक लू शुन याच्या एका तरुण लेखक मित्राला सरकारनें गोळ्या घालून मारलें. उघड शोक करण्याची सोय नव्हती, म्हणून लू शुननें एका मासिकांत कोल्विट्झचें ‘बलिदान’ छापलें. आपल्याकडे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचीं चित्रें चित्तप्रसाद यानें पायीं फिरून शाईनें काढलीं, आणि त्यांचें पुस्तक सरकारनें जप्त करून नष्ट केलें. १९४६ पासून पुढें कित्येक वर्षें तो मुंबईस अंधेरींत राहिला, आणि तेथें लिनोलियमवर व लाकडावर भुकेलीं माणसें आणि राबणारीं मुलें कोरीत राहिला. त्याच्या चित्रांतल्या माणसांना १८७७ च्या चित्रांप्रमाणें दुरून पाहिलेलें नाहीं.

घरीं आल्यावर दोन-तीन दिवसांनीं काकूंनीं पुस्तक मागितलें. मीं वरच्या फळीवरून काढून दिलें आणि ‘आईबाप’ हें पान उघडलें. दोन माणसें गुडघे टेकून बसलीं आहेत. बाईनें पुरुषाच्या अंगावर सारें अंग टाकलें आहे. त्यानें एका हातानें तिला धरलें आहे आणि दुसऱ्या हातानें स्वतःचें तोंड झांकलें आहे. दोघें मिळून एकच काळा डोंगर दिसतो.

काकूंनीं चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिलें. "तोंडें दाखविलीं नाहींत, बरें केलें," त्या म्हणाल्या. "अशा वेळीं माणसानें तोंड कोणाला दाखवावें?" मग कांहीं वेळानें विचारलें, "मुलगा गेल्यावर किती वर्षांनीं कोरलें हें?"

"सात-आठ वर्षांनीं."

"लवकर झालें म्हणायचें," काकू म्हणाल्या.

असलीं चित्रें माणूस काढतो कशाला, हा प्रश्न त्यांनीं पुन्हां विचारला नाहीं, आणि मीही उत्तर दिलें नाहीं. तसबीर अजून पेटींतच आहे. ती बाहेर काढा असें त्यांना सांगण्याची घरांत कोणाची छाती नाहीं, आणि तशी घाईही नाहीं. पुस्तक मात्र मी फळीवर ठेवावयास निघालों तेव्हां त्यांनीं मला थांबविलें.

"खालींच ठेव. पोरांच्या हाताला येऊं दे. फक्त दिवेलागणीनंतर नको."

तेव्हांपासून तें खालच्या कप्प्यांत, रामायण आणि नकाशांचें पुस्तक यांच्या मध्यें आहे.